विचारपूस

माझी अम्मा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, स्वच्छ चादर, सगळं होतं. एकदा माझी मावशी गावाहून आली, उशाशी बसली आणि म्हणाली, ‘काय गं, कसं वाटतंय तुला?’ अम्मा ढसाढसा रडली. आम्ही तिचं सगळं करत होतो; विचारलं मात्र कधी नव्हतं.

पुढे इंग्लंडमधल्या वृद्ध-अपंगांच्या सेवेचा इतिहास वाचताना हा प्रसंग मला सारखा आठवत राहिला. तिथे ही सेवा स्थानिक कौन्सिलची, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेची, कायदेशीर जबाबदारी आहे. या सेवेचा दर्जा कोणी ठरवायचा, हा तिथला जुनाच प्रश्न.

१६०१च्या कायद्याने निराधारांचा भार त्या त्या चर्चच्या गावठाणावर, म्हणजे पॅरिशवर टाकला. १८३४मध्ये नवा कायदा आला आणि ‘वर्कहाउस’ उभी राहिली. आतल्या माणसाची अवस्था बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही वाईट असावी, हे त्यामागचं तत्त्व. नाहीतर लोक आयतं खायला येतील, अशी धास्ती! म्हणजे सेवा मुद्दामच वाईट ठेवलेली. अंगावर गणवेश, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. सबंध आयुष्य एकत्र काढलेली म्हातारी जोडपी दारातच वेगळी व्हायची. साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र राहू देण्याची सोय १८४७मध्ये कायद्यात झाली, पण प्रत्यक्षात ती क्वचितच मिळाली.

१९३०मध्ये ही वर्कहाउस कौन्सिलांकडे आली. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. मग ५ जुलै १९४८ हा दिवस उजाडला. त्या दिवशी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली आणि त्याच दिवशी जुना गरिबांचा कायदाही रद्द झाला. वृद्धांना निवारा देणं हे कौन्सिलचं कर्तव्य ठरलं. मंत्री होते अन्युरिन बेव्हन. पंचवीस-तीस माणसांची छोटी घरं असावीत आणि तिथे राहणारा आश्रित नव्हे, तर हॉटेलातल्या पाहुण्यासारखा असावा, असं त्यांचं स्वप्न. २६ शिलिंगांच्या पेन्शनमधले २१ त्याने राहण्या-जेवणाचे द्यायचे, ५ स्वतःच्या खिशात ठेवायचे. या पाच शिलिंगांत मला मोठी माणुसकी दिसते. स्वतःच्या पैशाने तंबाखूची पुडी घेणारा माणूस भिकारी नसतो.

पण स्वप्नाला विटा लागतात. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशात त्या मिळेनात. पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १७३ संस्था स्वतः फिरून पाहिल्या. तिथल्या माणसांशी तो बोलला. १९६२मध्ये त्याचं ‘द लास्ट रेफ्यूज’ हे पुस्तक आलं. हजारो म्हातारे अजून जुन्या वर्कहाउसच्याच इमारतींत होते. पोटाला मिळत होतं. पण एकांत नव्हता, काम नव्हतं, जिवाभावाचं माणूस नव्हतं. घरी थोडी मदत मिळाली असती तर त्यांतल्या कित्येकांना तिथे यावंच लागलं नसतं, हे त्याने दाखवून दिलं. कागदोपत्री जे ‘व्यवस्थित’ होतं, ते असं एका माणसाने जाऊन विचारल्यावर उघडं पडलं.

त्यानंतर घरपोच सेवेवर भर वाढला. १९९०च्या कायद्यानंतर ती बऱ्याच प्रमाणात खासगी कंपन्यांकडून विकत घेतली जाऊ लागली. मग घड्याळ आलं. काही ठिकाणी पंधरा मिनिटांची भेट! तेवढ्यात अंघोळ घालायची, की चहा करून द्यायचा? गप्पा तर सोडाच. शिवाय दवाखाना मोफत, ही सेवा मात्र ऐपत पाहून. २०१०मध्ये ठरलेली २३,२५० पौंडांच्या मालमत्तेची मर्यादा पुढे दीड दशक हलली नाही. त्याहून जास्त असेल त्याने आपला खर्च आपण पाहावा.

२०१४च्या कायद्याने मात्र एक चांगली गोष्ट केली. त्या माणसाचं हित आणि त्याची स्वतःची इच्छा केंद्रस्थानी आणली. २०२३पासून केंद्रीय निरीक्षक पुन्हा कौन्सिलांचंच मूल्यमापन करू लागले. ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरी’पर्यंत चार शेरे. शेरा देण्याआधी सेवा घेणाऱ्यांशी आणि घरी त्यांचं करणाऱ्या नातलगांशीही ते बोलतात. टाउनसेंडने जे एकट्याने केलं, ते आता सरकारी रीत झालं आहे.

आपल्याकडे २००७च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुख्यतः मुलांवर टाकली. योग्यच आहे. पण मुलाच्या घरी कोणी निरीक्षक येत नाही. आमच्याकडे आला असता, तर जेवण, औषध, चादर पाहून ‘उत्कृष्ट’ लिहून गेला असता. खरा शेरा मावशीच्या एका प्रश्नानंतर अम्माने दिला. तुमच्या घरात कोणी अंथरुणावर असेल, तर आज औषध दिल्यावर लगेच उठू नका. थोडं बसा, विचारा.