रयतमाउली लक्ष्मीबाई आणि त्यांच्या पंगतीतली मुलं



शाळा सोडून चाळीस-पन्नास वर्षं झालेली माणसं आपल्या मास्तरांबद्दल बोलायला लागली, की मास्तरांनी शिकवलं काय हे फारसं कुणी सांगत नाही. परीक्षेची फी कुणी भरली, डबा नसलेल्या दिवशी अर्धी भाकरी कुणी पुढं केली, तापानं फणफणलो तेव्हा उशाशी कोण बसलं, हे मात्र तारीखवार आठवतं. शाळेच्या अहवालात यातलं काही नसतं. तिथं पटसंख्या, निकालाची टक्केवारी आणि इमारत निधी. म्हणून एखाद्या शाळेचा इतिहास समजून घ्यायचा तर अहवालाबरोबर जुन्या विद्यार्थ्यांना बोलतं करावं, असं मला वाटतं. त्यातही बायकांचा इतिहास तर बहुतेक तिथंच सापडतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच समाजातलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांनी पुढं आपल्या ‘अण्णां’च्या आठवणी भरभरून सांगितल्या. त्या आठवणींत अण्णांच्या बरोबरीनं एक बाई येतात. त्यांनी वर्गात एकही तास घेतला नाही, संस्थेत त्यांना हुद्दा नव्हता. पण मुलांनी त्यांना ‘रयतमाउली’ म्हटलं आणि ते नाव टिकलं. त्या म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंकडे येण्याआधी अण्णांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत डोकवावं लागतं, कारण पुढचं सगळं तिथं सुरू झालं. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. आपण बाहुबलीच्या दर्शनाला जातो ना, तेच कुंभोज. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते. मुलगा इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरला आला आणि जैन बोर्डिंगात राहिला. बोर्डिंगवर देखरेख होती अण्णासाहेब लठ्ठे यांची. लठ्ठे काही कर्मठ गृहस्थ नव्हेत. एम.ए. झालेले, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतले, पुढं १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले. शाहू महाराजांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. सुधारक माणूस. पण बोर्डिंगचे नियम ते बोर्डिंगचे नियम.

१९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. आता आंघोळ करूनच आत यायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. माणसांना भेटून आलो, विटाळ कसला, असा त्यांचा हट्ट. परिणामी बोर्डिंग सुटलं. मग शाहू महाराजांनी आसरा दिला. मॅट्रिक मात्र झालंच नाही. पुढं शेकडो शाळा ज्याच्या नावानं उभ्या राहिल्या तो माणूस मॅट्रिक झालेला नव्हता, हे आजच्या नव्वद टक्केवाल्या घरांतून जरा मोठ्यानं वाचावं.

गोष्ट इथंच थांबली असती तर ‘गुरूनं शिष्याला घालवून दिलं’ एवढ्यावर संपली असती. पण १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्यांना डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात लठ्ठ्यांना गुंतवण्याचा प्रयत्न होता आणि खोटी साक्ष हवी होती ती भाऊरावांची. बोर्डिंगातून ज्यानं बाहेर काढलं त्याच्याविरुद्ध हा मुलगा सहज बोलेल, असाही हिशोब कुणी केला असेल. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. तुरुंग सोसला, मारहाण सोसली, त्रास असह्य होऊन जीव देण्याचे प्रयत्नही केले, पण लठ्ठ्यांविरुद्ध खोटा शब्द काढला नाही.

जुन्या विद्यार्थ्यानं आपल्या शिक्षकाची ठेवलेली याहून मोठी आठवण मला माहीत नाही. आपल्याकडे लठ्ठ्यांच्या कार्याबद्दलही बोललं जातं आणि कर्मवीरांच्या कार्याबद्दलही. मधला हा धागा मात्र बहुधा भाषणातून गळतो, कारण तो सांगायचा तर बोर्डिंगच्या दारातल्या त्या आंघोळीबद्दलही बोलावं लागतं.

आता लक्ष्मीबाई. त्याही कुंभोजच्याच पाटील घराण्यातल्या. खाऊनपिऊन सुखी, धर्मनिष्ठ जैन घर. अशा घरातली मुलगी काय घेऊन सासरी येते, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. पाणी गाळून घ्यायचं, दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची, कंदमुळं वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशी पाळायची, आणि या सगळ्याबरोबर चुलीचं सोवळं. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या घरांत हे सोवळं जितकं शास्त्रातून आलं, तितकंच, किंबहुना जास्तच, शेजारपाजारच्या रिवाजातून आलं, असं माझं मत आहे. समवसरणात वाघ आणि गाय शेजारी बसतात हे आपण भक्तिभावानं ऐकतो, आणि उठून स्वयंपाकघरात गेलं की उंबरठ्यावर रेघ ओढतो. असो.

भाऊरावांनी ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. गावोगाव हिंडताना शाळेबाहेरची मुलं त्यांनी पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. एकत्र म्हणजे नुसतं एका छपराखाली नव्हे, एका चुलीवर आणि एका पंगतीत. मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन, सगळी मुलं. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. जरा थांबून त्या स्वयंपाकघरात जाऊया. त्या काळी मुलांची वसतिगृहं जातवार असत. मराठ्यांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं, जैनांचं वेगळं. याला कारण अभ्यास नव्हे, चूल होती. एका बाकावर बसून एकच कविता पाठ करता येत होती, पण एका भांड्यातली आमटी वाढून घेता येत नव्हती. त्यामुळे भाऊरावांचा खरा प्रयोग शाळेत झालाच नाही. तो भाकरीच्या तव्यावर झाला. आणि तव्याशेजारी घरच्या मालकीणबाई होत्या.

भाऊराव फिरतीवर. धान्य मागायला, पैसे मागायला, नवी मुलं शोधायला. ते परत येताना कुठल्यातरी वाडीवरचं एक पोर हाताला धरून आणायचे. त्या पोराच्या डोक्यातल्या उवा, अंगावरची खरूज, रात्रीचं रडणं हे सगळं घरी. नवऱ्यानं तत्त्व स्वीकारणं आणि बायकोनं ते रोज सकाळी उठून राबवणं, यातला फरक आपल्यातल्या प्रत्येकीला कळतो. तत्त्व एकदाच स्वीकारलं जातं. भाकऱ्या रोज दोन वेळा थापाव्या लागतात.

बोर्डिंगात मुलं पाळीनं दळण, पाणी, स्वयंपाक सगळं करायची, कारण ‘स्वावलंबन’ हे संस्थेचं ब्रीदच. पण दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातची आमटी किती खारट आणि भाकरी किती करपलेली होत असेल! त्यांना शिकवायला, चुकलं की सावरायला, आजारी पडलं की मऊ भात करून द्यायला कुणीतरी लागतंच. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत लक्ष्मीबाई येतात त्या अशा. पोटच्या पोरासारखं न्हाऊमाखू घालणाऱ्या, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या, पुढचं-मागचं न बघता वाढणाऱ्या. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेली बाई या पंगतीत स्वतः वाढू लागली, हे एका दिवसात झालं नसणार. पण झालं. त्यासाठी त्यांना धर्म सोडावा लागला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण पाठशाळेत पाठ करतो. भुकेल्याला भाकरी, आजाऱ्याला औषध, अडाण्याला अक्षर आणि गावानं लांब ठेवलेल्या पोराला निर्धास्त झोप. लक्ष्मीबाईंच्या घरात ही चारी दानं रोज एका छपराखाली होत होती.

आता दागिन्यांबद्दल. बोर्डिंगाला ठरलेलं उत्पन्न असं नव्हतं. धान्य संपलं की वाण्याची उधारी, उधारी थकली की लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा एखादा दागिना. माहेरहून आलेलं सोनं असं एकेक करून मुलांच्या पोटात गेलं. शेवटी उरलं मंगळसूत्र. एका वेळी भाऊराव बाहेरगावी होते, कोठीत दाणा नव्हता, मुलं उपाशी. तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं आणि मुलांसाठी धान्य आणवलं.

ही आठवण इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. कुणी म्हणतं गहाण ठेवलं, कुणी म्हणतं विकलं. आठवणी अशाच असतात. त्यावरून शंका काढणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की लहान मुलाला व्यवहाराचा कागद आठवत नाही, त्याला त्या दिवसाचं जेवण आठवतं आणि वाढणारीचा मोकळा गळा आठवतो. आणि १९२० च्या दशकातल्या सधन घरातल्या सौभाग्यवतीनं मोकळ्या गळ्यानं वावरणं म्हणजे काय, हे समजायला सासू, जावा आणि मंदिरातल्या ओळखीच्या बायका डोळ्यांसमोर आणाव्यात. मंगळसूत्र काढून देणं कदाचित एका क्षणात झालं असेल. त्यानंतर लोकांत जाणं रोजचं होतं.

इथं थोडं कडू बोलते. मंगळसूत्राची गोष्ट आपल्या महिला मंडळांत फार आवडीनं सांगितली जाते. त्यागाची मूर्ती म्हणून फोटोला हार घातला जातो. पण तेच मंगळसूत्र कुणाच्या जेवणासाठी गेलं, त्या पंगतीत कोणकोण बसलं होतं, हे सांगताना आवाज खाली येतो. सोन्याचा त्याग आपल्याला पेलतो, सोवळ्याचा त्याग जड जातो. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले, आणि माझ्या मते आधी केला तो दुसरा. त्याच्याशिवाय पहिल्याची वेळच आली नसती.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेची भरभराट त्यांनी पाहिली नाही. साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चं, शिवाजी कॉलेज १९४७ चं. भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली ती १९५९ मध्ये, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचंही निधन झालं. अण्णांच्या विद्यार्थ्यांतून प्राध्यापक, कुलगुरू, आमदार, मंत्री निघाले. याच संस्थेत शिकून बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांनी अण्णांचं मोठं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच्या नावातच वडाचं झाड आहे, कारण संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्षाचं.

लक्ष्मीबाईंच्या नावावर पुस्तक नाही. रमाबाई रानड्यांनी आठवणी लिहिल्या, लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिल्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी लिहिल्या. म्हणून त्या घरांत बाईला काय वाटत होतं ते आपल्याला थेट तिच्या तोंडून कळतं. आपल्या लक्ष्मीबाई आपल्यापर्यंत आल्या त्या मुलांच्या तोंडून. ज्यांना त्यांनी वाढलं, त्यांनीच त्यांना इतिहासात नेऊन बसवलं. त्यामुळे त्या नेहमी वाढताना, न्हाऊ घालताना, दागिना काढून देताना दिसतात. कधी चिडल्या असतील, कधी पीठ बघून कपाळाला हात लावला असेल, नवऱ्याला चार शब्द सुनावले असतील, ते त्या पोरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून मनात ठेवलं. मूर्तीपेक्षा ती बाई मला जास्त जवळची वाटते.

आपल्या घरातल्या जुन्या माणसांत रयतच्या शाळेत शिकलेलं कुणी असेल तर त्यांना जरूर विचारा. प्रश्न मात्र ‘तुमचे शिक्षक कसे होते’ असा विचारू नका, भाषण मिळेल. ‘जेवायला काय असायचं, कोण वाढायचं, शेजारी कोण बसायचं’ असं विचारा. आणि ते बोलायला लागले की लिहून घ्या. आपल्या पाठशाळांच्या, श्राविकाश्रमांच्या बाबतीतही हेच करता येईल. तिथल्या स्वयंपाकघरांतूनही कितीतरी बायका अशाच निघून गेल्या आहेत.

पुढं संस्थेनं बायकांनाही शिक्षिका करायचं मनावर घेतलं, आणि साताऱ्यात स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं. सोलापुरात रयतचं मुलींचं महाविद्यालय आहे, त्याला लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचं नाव आहे. तिथं सगळ्या जातिधर्मांच्या मुली शिकतात, आणि दुपारी डबे उघडतात तेव्हा एकमेकींच्या डब्यातलं खातात.