अमेरिकेत मानसशास्त्राची पीएचडी : अर्ज, मुलाखत आणि मधली प्रतीक्षा

अमेरिकेतील विद्यापीठांत चिकित्सा मानसशास्त्राच्या, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीसाठी अर्ज करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ डिसेंबरच्या आसपास संपते आणि प्रवेशाचे चित्र स्पष्ट होते ते १५ एप्रिलला. मधल्या साडेचार महिन्यांत उमेदवाराच्या हाती करण्यासारखे फार थोडे असते आणि विद्यापीठाकडून कळविले जाते ते त्याहूनही थोडे. अभियांत्रिकीच्या एमएससाठी अमेरिकेला जाण्याची वाट पुण्या-मुंबईच्या घरांना आता पाठ झाली आहे. गुण, जीआरई, विद्यापीठाचा क्रमांक आणि शैक्षणिक कर्ज असा तो हिशेब. मानसशास्त्राच्या पीएचडीला तो लागू पडत नाही आणि हे ठाऊक नसल्यानेच अर्जानंतरच्या मौनाचा भलता अर्थ लावला जातो.

येथे प्रवेश कागदोपत्री विभागात मिळत असला, तरी प्रत्यक्षात तो बहुधा एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत मिळतो. एका विभागात दरवर्षी जागा साधारण पाच ते दहा, अर्ज मात्र शेकडो. एकेक प्राध्यापक वर्षाला एखादाच विद्यार्थी घेतो, कधी तोही घेत नाही. अनुदान संपलेले असते, प्राध्यापक अभ्यासरजेवर जाणार असतात किंवा आधीच्या विद्यार्थ्यांचे काम बाकी असते. चिंताविकारावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनी यंदा कोणालाच घ्यायचे नाही असे ठरविले, तर त्या विषयातला हुशारातला हुशार उमेदवारही तेथे बाद ठरतो. कोणते प्राध्यापक येत्या वर्षी विद्यार्थी घेणार, हे अनेक विभाग आपल्या संकेतस्थळावर ऑगस्ट-सप्टेंबरपासून जाहीर करतात. ते न पाहता भरलेले अर्जाचे शुल्क वाया गेलेच म्हणून समजावे. हे शुल्क एका अर्जाला पाऊणशे डॉलरच्या घरात जाते आणि दहा-बारा ठिकाणी अर्ज करणे ही नित्याची गोष्ट आहे.

संशोधनावरच्या या भराला इतिहास आहे. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे १९४९ मध्ये भरलेल्या परिषदेत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने उपचारक आणि संशोधक असे दोन्ही व्हावे, हे सूत्र मान्य झाले. पुढे १९७३ च्या वेल परिषदेने उपचाराच्या प्रत्यक्ष सरावाला प्राधान्य देणाऱ्या ‘साय-डी’ या पदवीला बळ दिले. दोन्ही पदव्यांनंतर परवाना मिळू शकतो. फरक पडतो तो खिशाला. पीएचडीच्या विद्यार्थ्याला बहुतेक विद्यापीठांत शुल्कमाफी आणि अध्यापन वा संशोधन साहाय्याबद्दल विद्यावेतन मिळते. साय-डीचा खर्च मात्र बहुतांशी स्वतःच करावा लागतो आणि परदेशी विद्यार्थ्याला तो झेपणे कठीण. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला किती विद्यार्थी घेतले, किती वर्षांत पदवी मिळाली, किती जण मध्येच सोडून गेले, किती जणांना इंटर्नशिप आणि परवाना मिळाला, याचा तक्ता जाहीर करावाच लागतो. विद्यापीठाच्या रंगीत माहितीपत्रकाआधी हा तक्ता वाचावा.

पदवी घेऊन भारतात परतण्याचा विचार असेल तर आणखी एक चौकशी अर्जापूर्वीच करणे श्रेयस्कर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी किंवा भारतातील दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमफिलशी बांधलेली आहे. परदेशी पीएचडीने ती आपोआप पूर्ण होत नाही. पाच-सात वर्षे खर्ची घातल्यावर हे कळण्यात काय हशील?

अर्जातील कागदपत्रांपैकी जीआरईचे महत्त्व २०२० नंतर पुष्कळ कमी झाले आहे. अनेक विभाग ती मागत नाहीत, काही तर गुण पाठविले तरी पाहत नाहीत. वजन पडते ते निवेदनाचे आणि शिफारसपत्रांचे. चांगल्या उमेदवारालाही बाद करणाऱ्या गोष्टी कोणत्या, असे मानसशास्त्राच्या प्रवेश समित्यांच्या अध्यक्षांना विचारून अ‍ॅपलबी आणि अ‍ॅपलबी या संशोधकद्वयाने २००६ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. स्वतःच्या मानसिक आजाराची सविस्तर कहाणी निवेदनात लिहिणे, ही त्यांतील एक ठळक गोष्ट. मानसिक आरोग्याच्या क्षेत्राने असा संकोच बाळगावा हे विचित्र खरेच, पण उमेदवाराने ते जाणून असावे. दुसरी गोष्ट अयोग्य व्यक्तीच्या शिफारसपत्राची. आपल्याकडे वजनदार ओळखीचे पत्र जोडण्याची हौस दांडगी. मात्र वडिलांच्या परिचयातील मोठ्या डॉक्टरांपेक्षा जिच्या हाताखाली वर्षभर विदा गोळा केली त्या व्याख्यातीचे पत्र येथे कितीतरी अधिक मोलाचे ठरते.

अर्ज गेल्यानंतर काय होते? प्राध्यापक आपल्या नावाने आलेले अर्ज वाचतात, त्यांतून मूठभर नावे निवडतात आणि विभागापुढे ठेवतात. मुलाखतीची बोलावणी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जातात. ती कधी विभागाच्या ईमेलने येतात, कधी खुद्द प्राध्यापकांच्या दोन ओळींनी. सर्वांना एकाच दिवशी कळविण्याची पद्धत नाही. एकाच विभागातील एका प्राध्यापकांनी डिसेंबरातच बोलावणी धाडलेली असतात, तर शेजारच्या खोलीतील प्राध्यापकांनी अर्ज उघडलेलेही नसतात. नकार मात्र सावकाश येतो. काही ठिकाणी तो मार्च-एप्रिलपर्यंत येत नाही. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील शांततेवरून कसलाही निष्कर्ष काढू नये. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काहीच आले नाही, तर त्या विद्यापीठाची आशा क्षीण झाली असे धरून चालावे. तोवर विभागाच्या कार्यालयाला एकदा विनयाने विचारणे गैर नाही. दर आठवड्याला विचारणे गैर आहे.

मुलाखत ही येथे औपचारिकता नव्हे आणि परीक्षाही नव्हे. बोलावलेल्या प्रत्येकाची शैक्षणिक पात्रता मान्य झालेलीच असते. आता पाहायचे असते ते पाच-सहा वर्षे एकत्र काम जमेल का. २०२०-२१ च्या साथीच्या काळात मुलाखती दूरदृश्य पद्धतीने सुरू झाल्या आणि परदेशी उमेदवारांसाठी ती सोय बऱ्याच ठिकाणी टिकली आहे. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा भारतीय वेळेच्या साडेदहा तास मागे असतो, पश्चिम किनारा साडेतेरा तास. कॅलिफोर्नियातील दुपारी तीनची मुलाखत म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. घरातली माणसे झोपलेली असताना, आवाज दाबून, आपल्या प्रबंधातील नमुना एवढा लहान का, याचे उत्तर द्यायची तयारी हवी. प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचलेले असावेत आणि त्यांवर स्वतःचा एखादा प्रश्न असावा. सध्याच्या विद्यार्थ्यांशी होणाऱ्या गप्पा अनौपचारिक वाटल्या तरी त्यांचे मत समितीपर्यंत पोहोचते. त्याच गप्पांत विद्यावेतनात घरभाडे भागते का आणि प्राध्यापक वेळेवर मसुदे वाचतात का, हेही विचारून घ्यावे.

प्रवेशाचे प्रस्ताव फेब्रुवारीपासून निघतात. अमेरिकेतील बहुसंख्य पदवीधर विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन उमेदवारावर नसते. त्याआधीच होकाराची सक्ती कोणी केली, तर या ठरावाकडे बोट दाखविता येते. मात्र जेथे जायचे नाही हे नक्की झाले, तेथील प्रस्ताव तत्काळ सोडावा. त्या जागेकडे प्रतीक्षायादीतील कोणीतरी डोळे लावून बसलेले असते. २०२५ च्या प्रारंभी केंद्रीय संशोधन निधीतील कपातीच्या सावटाखाली पिट्सबर्गसारख्या विद्यापीठाने पीएचडीचे नवे प्रस्ताव काही काळ थांबविले होते. अशा वर्षी आलेल्या नकाराचा उमेदवाराच्या योग्यतेशी संबंध असेलच असे नाही. पहिल्या फेरीत प्रवेश न मिळाल्यावर दोन वर्षे संशोधन सहायक म्हणून काम करून पुन्हा अर्ज करणे अमेरिकन विद्यार्थ्यांतही सर्रास चालते.

प्रतीक्षायादीवर असलेल्यांसाठी शेवटचे दोन दिवस धावपळीचे असतात. दोन-तीन प्रस्ताव हाती असलेले उमेदवार १४ आणि १५ एप्रिलला आपला निर्णय कळवितात आणि रिकाम्या झालेल्या जागांसाठी त्याच दिवशी दूरध्वनी फिरतात. तोपर्यंत तेथील घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेलेली असतात. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलची संध्याकाळ होते तेव्हा भारतात १६ ची पहाट उजाडायची असते. त्या रात्री भ्रमणध्वनी बंद करून झोपू नये.