‘इम यूली’ : सरहद्दीवरचा हसरा प्रवास

ज्यांनी एरवी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिले नसते अशा माणसांना एका गाडीत बसवायचे आणि ती गाडी वाटेत बंद पाडायची, ही ‘रोड मूव्ही’ या चित्रपटप्रकाराची जुनी युक्ती. जर्मन दिग्दर्शक फातिह आकिन याने २००० साली ‘इम यूली’ या विनोदी चित्रपटात तीच वापरली. त्याने निवडलेल्या रस्त्याला मात्र इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर वरवर हलकीफुलकी वाटणारी ही प्रेमकथा निराळी दिसू लागते.

कथानायक डॅनियल (मोरित्झ ब्लाइबट्रॉय) हा हॅम्बुर्गमधील शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा उमेदवार शिक्षक आहे. सरळमार्गी, भिडस्त आणि विद्यार्थ्यांनाही न जुमानवणारा. रस्त्यावर दागिने विकणारी यूली (क्रिस्टियाने पाउल) त्याच्यावर मनातून लुब्ध आहे. ती त्याला सूर्याचे चिन्ह असलेली अंगठी विकते आणि सांगते, की असाच सूर्य जिच्या अंगावर दिसेल तीच तुझी नियोजित सखी. त्या रात्री आपणच सूर्य मिरवत त्याच्यासमोर यायचे, असा तिचा बेत असतो. पण डॅनियलची गाठ आधी पडते ती सूर्याचे चित्र असलेला शर्ट घातलेल्या मेलेकशी (इडिल युनेर). मेलेक दुसऱ्या दिवशी इस्तंबूलला निघून जाते आणि हा पापभीरू शिक्षक जुनाट मोटार घेऊन तिच्या मागे निघतो. निराश झालेली यूली शहर सोडण्यासाठी रस्त्याच्या कडेला उभी असते. जी पहिली गाडी थांबेल तिच्यातून जायचे, असे तिने ठरवलेले असते. पहिली थांबते ती डॅनियलचीच.

पुढचा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा प्रवास बव्हेरिया, हंगेरी, रुमेनिया आणि बल्गेरिया अशा टप्प्यांनी होतो. मोटार लवकरच दगा देते. मग मालट्रक, डॅन्यूब नदीतील बोट, जे मिळेल ते वाहन. हंगेरीत लुना नावाची एक मोहक तरुणी डॅनियलला पेयातून गुंगीचे औषध पाजून लुटते. पासपोर्टशिवाय रुमेनियाच्या सीमेवर पोचलेल्या या जर्मन शिक्षकाला आत घ्यायचे की नाही, हे ठरवणारा लहरी पहारेकरी खुद्द आकिनने रंगवला आहे. वाट मोकळी व्हावी म्हणून तिथेच, सीमेच्या फाटकापाशी, डॅनियल आणि यूलीचे लग्न लागते.

‘इम यूली’ म्हणजे ‘जुलै महिन्यात’. नायिकेचे नावही यूलीच असल्याने शीर्षकातच श्लेष साधला आहे. चित्रपटाची सुरुवात बल्गेरियातल्या एका निर्जन रस्त्यावर सूर्यग्रहणाने होते. प्रत्यक्षातही ११ ऑगस्ट १९९९ रोजी युरोपातून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते आणि त्याच सावलीचा पट्टा तुर्कस्तान ओलांडून सायंकाळी भारतापर्यंत आला होता. पडद्यावरच्या ग्रहणाच्या वेळी इसा (मेहमेट कुर्तुलुश) नावाचा जर्मनीवासी तुर्की तरुण रस्त्यात गाडी थांबवतो. गाडीच्या डिकीत त्याच्या काकांचे प्रेत असते. जर्मनीत मृत्यू पावलेल्या काकांना तो गुपचूप मायदेशी नेत असतो. डॅनियलची सारी कहाणी आपण ऐकतो ती या गाडीत बसून.

इथेच चित्रपटाच्या विनोदाला धार येते. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. ‘पाहुणे कामगार’ म्हणून आलेली लाखो माणसे पुढे तिथेच राहिली आणि दर उन्हाळ्यात सामानाने लादलेल्या मोटारी घेऊन ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया या मार्गाने गावी जाऊ लागली. युगोस्लाव्हियातील युद्धामुळे नव्वदच्या दशकात यातील बरीच वाहतूक हंगेरी-रुमेनियामार्गे वळली. १९७३ साली हॅम्बुर्गमध्ये एका तुर्की स्थलांतरित कुटुंबात जन्मलेल्या आकिनने आपल्या जर्मन नायकाला नेमके याच वाटेवर ढकलले आहे. कागदपत्रांअभावी अडवले जाणे, अनोळखी माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहणे, आपण कोण हे पुन्हा पुन्हा पटवून द्यावे लागणे हे सारे स्थलांतरितांच्या वाट्याचे अनुभव डॅनियलच्या पदरी पडतात. प्रेक्षक हसतो, पण कोणाच्या जागी कोण उभा आहे, हेही त्याला जाणवत राहते.

सहप्रवासाची ही गंमत ब्लाइबट्रॉयने मोठ्या संयमाने खुलवली आहे. २००१ चा जर्मन चित्रपट पुरस्कार त्याला या आणि ‘दास एक्स्पेरिमेंट’ या चित्रपटातील भूमिकांसाठी मिळाला. आकिन पुढे अधिक गंभीर विषयांकडे वळला. त्याच्या ‘गेगेन दी वांट’ला २००४ साली बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. २०१६ च्या ‘चिक’मध्ये मात्र तो पुन्हा दोन विजोड मुलांना मोटारीत बसवून प्रवासाला घेऊन गेला.

दरम्यान, नकाशा बदलला. हंगेरी २००४ मध्ये आणि रुमेनिया व बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात आले. १ जानेवारी २०२५ पासून रुमेनिया आणि बल्गेरिया यांचा शेंगेन क्षेत्रात पूर्ण समावेश झाला. ज्या फाटकापाशी डॅनियलला लग्न करावे लागले, तिथली नियमित पासपोर्ट तपासणी त्यामुळे उठली. बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांच्यातील सीमा मात्र आजही तितकीच कडक आहे आणि तुर्की नागरिकाला शेंगेन देशांत जायला व्हिसा लागतोच. आज हीच कथा घडली असती, तर डॅनियलची बरीचशी फजिती टळली असती. इसाची टळली नसती.