घरात मांजरही आहे आणि फिश टँकही? दोघांना सुरक्षित ठेवायचं तर काय करायचं?

फिश टँकसमोर तासन् तास बसलेलं मांजर, काचेवर फिरणारे पंजे आणि आत सैरावैरा पळणारे मासे. असे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. पाहताना हसू येतं, पण या खेळात मासे दगावतात आणि कधी कधी मांजराच्याही जिवावर बेततं.

हे काही आजचं नाही. १७४७ मध्ये इंग्लंडमधले लेखक होरेस वॉलपोल यांची सेलिमा नावाची मांजर गोल्डफिश ठेवलेल्या चिनी मातीच्या भांड्यात पडून बुडाली. त्यांचे मित्र, कवी थॉमस ग्रे यांनी तिच्यावर कविता लिहिली आणि सेलिमा इंग्रजी साहित्यात अजरामर झाली. त्या भांड्यावर झाकण असतं, तर ती वाचली असती.

मग मांजर आणि मासे एका घरात राहूच शकत नाहीत का? राहू शकतात. पण त्यासाठी मांजराला ओरडून उपयोग नाही, टँकची व्यवस्था बदलावी लागते.

पोट भरलेलं असूनही मांजर माशांवर का टपतं?

मांजराची शिकारीची प्रवृत्ती फक्त भुकेवर चालत नाही. पोटभर जेवलेलं मांजरही पाल दिसली की दबा धरतं, तसंच माशांचं आहे. मांजराचे डोळे रंगांपेक्षा हालचाल टिपण्यात तरबेज असतात. टँकमध्ये तर लाईट लावलेला असतो आणि त्यात सतत काहीतरी हलत असतं.

शिवाय आणखी दोन आकर्षणं असतात. एक म्हणजे फिल्टरमधून पडणारं पाणी. वाटीतल्या साचलेल्या पाण्यापेक्षा वाहतं पाणी अनेक मांजरांना आवडतं. दुसरं म्हणजे लाईटमुळे कोमट झालेलं झाकण. थंडीच्या दिवसांत झोपायला याहून छान जागा कोणती?

काच मध्ये आहे, मग माशांना काय त्रास?

मांजराचा पंजा आत पोहोचला नाही, तरी त्रास होतोच. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली कंपनं टिपणारी एक संवेदनशील रेषा असते. त्यामुळे काचेवर मारलेली थाप त्यांना चांगलीच जाणवते. हे दिवसातून अनेकदा झालं, तर मासे कायम तणावात राहतात.

ही लक्षणं दिसतात का, ते बघा: मासे कोपऱ्यात किंवा झाडांमागे लपून राहणं, खाणं कमी होणं, रंग फिका पडणं, पर अंगाला चिकटवून ठेवणं, अचानक धावून काचेवर आपटणं. तणावातल्या माशांना आजारही लवकर जडतात. काही मासे घाबरून थेट पाण्याबाहेर उडी मारतात. बेटा (फायटर), गुरामी आणि अरोवाना यांच्याबाबत ही काळजी जास्त घ्यावी लागते.

आणि मांजराला काय धोका?

- औषध टाकलेलं पाणी: माशांना बुरशी लागली की अनेक घरांत निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू टाकतात. मांजराच्या लाल रक्तपेशी अशा रसायनांना फार नाजूक असतात आणि त्यांचं नुकसान होऊन ॲनिमिया होऊ शकतो. मॅलॅकाईट ग्रीन आणि तांबं असलेली औषधंही पोटात जायला नकोत.
- काटे: प्लेको आणि कोरीडोरास यांसारख्या माशांच्या परांना ताठ होणारे टोकदार काटे असतात. ते मांजराच्या तोंडात किंवा घशात अडकू शकतात.
- वीज: हीटर, फिल्टर, एअर पंप आणि लाईट यांच्या वायरी चावायची सवय असलेल्या मांजरासाठी टँकची मागची बाजू सगळ्यात धोकादायक असते.
- टँक पडणं: एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक भरला की नुसत्या पाण्याचंच वजन ५० किलोहून जास्त होतं. असा टँक मांजराच्या धक्क्याने सहसा पडत नाही. पण टीपॉयवरचा छोटा बाऊल सहज पडतो आणि हलक्या, डुगडुगत्या टेबलावरच्या टँकचाही भरवसा नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं: झाकण

बाकी काही जमलं नाही, तरी झाकण पक्कं हवं. नुसतं ठेवलेलं झाकण मांजर पंजाने सरकवतं. खाणं टाकायची छोटी खिडकी उचलायलाही काही मांजरं शिकतात. त्यामुळे झाकणाला क्लिप किंवा कडी लावा.

पूर्ण मांजर वर बसलं, तरी झाकण टिकलं पाहिजे. मोठ्या मांजराचं वजन चार-पाच किलो असतं आणि उडी मारताना त्याचा धक्का त्याहून जास्त बसतो. पातळ काच तडकू शकते आणि पातळ ॲक्रिलिक मधोमध वाकतं. जाड पॉलीकार्बोनेट शीट किंवा फ्रेममध्ये घट्ट बसवलेली मजबूत जाळी चांगली.

पण टँक हवाबंद करू नका. पाण्यात ऑक्सिजन मिसळायला वरून हवा खेळती लागते. बेटा आणि गुरामी तर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेतात. जाळीची भोकं किंवा वायरींसाठीच्या फटी फक्त इतक्या लहान ठेवा, की पंजा आत जाणार नाही. उघडा बाऊल मांजर असलेल्या घरात नकोच. तसाही तो माशांसाठी अपुराच असतो.

टँक कुठे ठेवायचा?

टँक उंचावर ठेवला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण धडधाकट मांजर पाच फूट उंच सहज उडी मारतं. उंचीपेक्षा आजूबाजूला काय आहे, ते बघा. सोफा, खिडकीचा कट्टा, शू रॅक, फ्रिज ही मांजराची उडी मारायची ठिकाणं. टँक त्यांच्यापासून लांब हवा. स्टँडची रुंदी टँकएवढीच ठेवा, म्हणजे पाय टेकायला कडा उरत नाही. वन बीएचकेमध्ये जागा बदलणं शक्य नसेल, तर झाकणावर जास्त खर्च करा.

वायरी पीव्हीसी केसिंगमधून न्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या आणि मग वर न्या. त्यामुळे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच ठिबकतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

मांजराची सवय कशी मोडायची?

पाण्याचा फवारा मारला, तर मांजर टँकला नाही, तुम्हाला घाबरायला शिकतं. तुम्ही ऑफिसला गेलात, की पुन्हा तिथेच. त्यापेक्षा हे करून बघा:

- स्टँडच्या आसपास काही दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा ॲल्युमिनियम फॉईल लावा. पायाला लागणारा हा स्पर्श बऱ्याच मांजरांना नकोसा वाटतो.
- मांजरासाठी दुसरी उंच जागा करा. खिडकीजवळची फळी किंवा कॅट ट्री चालेल. तिथे गेल्यावर खाऊ द्या.
- मांजरं पहाटे आणि संध्याकाळी जास्त चपळ असतात. त्या वेळी १०-१५ मिनिटं दोरीच्या किंवा पिसाच्या खेळण्याने खेळा, शेवटी ते पकडू द्या आणि मग जेवण द्या.
- वाहतं पाणी आवडत असेल, तर मांजरांसाठीचं छोटं कारंजं आणा.
- घरी कुणी नसताना आणि रात्री टँकच्या खोलीचं दार बंद ठेवा.

मांजर लांबून शांतपणे बघत असेल, तर बघू द्या. मात्र शेपटी आपटणं, दात कटकटवणं, तिथून हलायलाच तयार नसणं असं दिसलं, तर त्याचं लक्ष दुसरीकडे वळवा.

हे उपाय अजिबात नकोत

मांजर दूर ठेवण्यासाठी लिंबू, संत्रं, निलगिरी किंवा टी ट्री तेल शिंपडायचा सल्ला अनेकदा दिला जातो. अशा तेलांमधल्या बऱ्याच घटकांचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असते, त्यामुळे विषबाधा होऊ शकते. तेल पाण्यात गेलं, तर माशांनाही घातक. डांबर गोळ्याही मांजरासाठी विषारी आहेत.

डास-झुरळांच्या स्प्रेबाबतही सावध राहा. त्यातली पायरेथ्रॉइड रसायनं माशांसाठी अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. याच गटातलं परमेथ्रिन मांजरांनाही घातक आहे.

काही घडलंच तर?

मासा बाहेर पडला असेल, तर हात ओले करून त्याला उचला आणि त्याच टँकमध्ये सोडा. नळाच्या ताज्या पाण्यात नको, त्यात क्लोरीन असतं. लाईट बंद करा आणि जखम दिसली, तर त्याला वेगळ्या टँकमध्ये ठेवा.

मांजर औषधाचं पाणी प्यायलं, तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाची बाटली घेऊन थेट पशुवैद्यांकडे जा. हिरड्या पांढुरक्या किंवा तपकिरी दिसणं, धाप लागणं, सुस्ती ही तातडीची लक्षणं आहेत.

टँक फुटला किंवा पाणी बोर्डापर्यंत गेलं, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच पाण्यात हात घाला. मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण काचा त्याच्या पायात जातील. मासे उरलेल्या पाण्यासकट बादलीत घ्या आणि बादलीवर जाळी टाकायला विसरू नका.