ठळक न छापलेला आकडा

‘लघवी साफ हुतीया, क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, मग किडनीला काय धाड भरलीया?’ गडहिंग्लजात लॅबच्या बाकावर हा युक्तिवाद इतक्यांदा कानी पडतो की त्याला पूर्वपक्षाचा मान देऊनच उत्तर द्यावं. त्यात तथ्य नाही असं नाही. क्रिएटिनिन ही स्वस्त तपासणी, आणि आकडा चढला तर किडनीकडे बघावंच लागतं. पण चढला नाही म्हणजे किडनी शाबूत, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आधी लघवीचं बघू. किडनी म्हणजे चहाची गाळणी, ही समजूत अर्धीच खरी. दोन्ही किडन्यांत मिळून सुमारे २० लाख नेफ्रॉन असतात आणि ते दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी, बहुतेक मीठ आणि सगळी साखर, बारीक नळ्या परत रक्तात ओढतात. खरी करामत ही परत ओढण्याची. ती जमेनाशी झाली की लघवी पाण्यासारखी पातळ होते, रात्री दोन-तीनदा उठवते. म्हणजे ज्या स्वच्छ धारेचा दाखला दिला जातो, ती कधीकधी बिघाडाचीच खूण असते. (तांब्याभर पाणी ढोसून काढलेली पांढरी धार तर पुरावाच नव्हे.)

आता क्रिएटिनिन. ते स्नायूंतून येतं, हे विसरलं की घोटाळा होतो. समजा, तालमीतल्या पंचविशीच्या पैलवानाचं १.४ आलं. आकडा ठळक छापलेला, घर हादरतं. शेजारी अडुसष्ट वर्षांची, उसाच्या भांगलणीत अंग झिजवलेली मावशी. तिचं १.१, मर्यादेच्या आत. कागद घडी करून पिशवीत जातो. हेच आकडे गाळण्याचा वेग काढायच्या, वय आणि स्त्री-पुरुष भेद धरणाऱ्या २०२१च्या सूत्रात घाला. पैलवानाच्या किडन्यांचा गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ७२ मिलिलिटर निघतो, आणि तोही पिळदार अंगामुळे, आदल्या रात्रीच्या मटणामुळे आहे त्याहून कमी दिसत असणार. मावशीचा निघतो ५५. तीन महिन्यांहून जास्त तो ६०च्या खाली राहिला, तर त्याला किडनीचा दीर्घ विकार म्हणतात. नैयायिकाच्या भाषेत, क्रिएटिनिन या लक्षणाला अव्याप्ती (मावशी सुटली) आणि अतिव्याप्ती (पैलवान उगाच सापडला) दोन्ही दोष लागले.

‘आकडा वाढला की बघू’ म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: एक किडनी दान केलेल्या माणसाचंही क्रिएटिनिन बरेचदा मर्यादेतच असतं.

मग पाहायचं काय? १८२७ साली किडनीच्या विकारावर लिहिणारा लंडनचा डॉक्टर रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली की प्रथिन गळतंय हे कळायचं. आज तेच काम लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण करतं. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की सावध व्हायचं. मधुमेहात ही गळती बहुधा रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल असतानाच सुरू होते.

साखर किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा रक्तासोबत लघवीची बाटलीही द्या. आणि मागचा रिपोर्ट रद्दीत घालू नका, ०.७चं १.१ झालेलं त्याच्याशिवाय कुणालाच दिसणार नाही.