काडेपेटीच्या कडेचा पट्टा

राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा म्हणजेच इतिहास, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. पण देवघरात निरांजनाशेजारी पडलेल्या काडेपेटीलाही इतिहास आहे. आणि आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना तो एखाद्या लढाईइतकाच मोलाचा वाटतो.

इंग्लंडातील जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ साली घासून पेटणारी काडी विकायला काढली. पुढे चारपाच वर्षांतच काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला. मग काडी भिंतीवर, दगडावर, कोठेही घासावी आणि पेटावी! सोय मोठी, पण पायाखाली आली तरी ती भडके. आणि गुल इतके जहरी की, ते पोटात गेल्यास जीव जाई.

यावर स्वीडनमधील गुस्ताफ एरिक पाश याने १८४४ साली तोड काढली. फॉस्फरस त्याने काडीवरून उचलून पेटीच्या कडेवर नेला. एकीची द्रव्ये दुसरीला भेटल्याखेरीज आग नाही! लुंडस्ट्रोम बंधूंनी निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस वापरून ही काडी बाजारात आणली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात बक्षीस मिळवले.

तोड सापडली, मग जुनी काडी गेली का? नाही. ती स्वस्त होती, कोठेही पेटत होती, म्हणून खपत राहिली. तिची खरी किंमत कारखान्यातल्या मुली मोजत होत्या. फॉस्फरसची वाफ किडक्या दातांवाटे शिरे आणि जबड्याचे हाड सडे.

जुलै १८८८ मध्ये लंडनच्या बो भागातील ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १,४०० मुली आणि बाया संपावर गेल्या. त्यांची बाजू मांडणाऱ्या अॅनी बेझंट म्हणजे पुढे १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच बाई. दंड बंद झाले, जेवायला वेगळी खोली मिळाली. विषाजवळ बसून भाकर खाणे टळले. पण विष कारखान्यातच राहिले. त्याला बंदी घालणारा करार बर्न येथे १९०६ साली झाला, ब्रिटनचा कायदा १९०८ साली आणि हिंदुस्थानचा १९१३ साली.

१८४४ ते १९१३ म्हणजे एकोणसत्तर वर्षे! शोध तयार होता, पण नफ्याला तो परवडत नव्हता. शेवटी संघटना, लोकमत आणि कायदा या तिघांना त्याच्या मागे उभे राहावे लागले. म्हणून श्रोतेहो, घरात नवी वस्तू आणताना दोन प्रश्न विचारा: ही आपल्या मुलाला इजा करील काय? आणि हिने, घडवणाऱ्याला केली काय?