विळे, टोपी आणि तेरा तारे

१९४० च्या सप्टेंबरात लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्टच्या तळावर हरिकेन जातीच्या लढाऊ विमानांची एक तुकडी उभी असे. विमानं ब्रिटिश, पंखांवरची वर्तुळंही ब्रिटिश हवाई दलाची. पण विमानाच्या कुशीवर आणखी एक गोल चिन्ह रंगवलेलं होतं. त्यात एक लाल चौकोनी टोपी, एकमेकांवर तिरपे टाकलेले लांब दांड्यांचे दोन विळे, मागे पट्टे आणि भोवती तेरा तारे. विळा आणि टोपी पोलंडच्या शेतकऱ्याची, पट्टे आणि तारे अमेरिकेच्या पहिल्या झेंड्यातले. ही ३०३ क्रमांकाची पोलिश स्क्वाड्रन. तिच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळांनी सांगितल्या आहेत. मला तिचं हे चिन्ह जास्त खेचून घेतं. देश गेला, विमानं गेली, क्रमांक बदलले, माणसं जगभर पांगली, तरी ते एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. आणि ज्यानं ज्यानं ते हाती घेतलं, त्यानं कुणाचं तरी ऋण फेडण्यासाठी घेतलं.

विळ्यांपासून सुरुवात करू. तादेउश कोश्चुश्को हा पोलिश लष्करी इंजिनिअर १७७६ साली अमेरिकेत पोचला आणि तिथल्या वसाहतींच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला. साराटोगाची मोर्चेबांधणी त्याची, हडसन नदीवरच्या वेस्ट पॉइंटची तटबंदीही त्याचीच. मायदेशी परतल्यावर १७९४ मध्ये त्यानं रशियाविरुद्धच्या उठावाचं नेतृत्व केलं. क्राकूवच्या चौकात शपथ घेतली आणि फौजेत कुळांना, शेतमजुरांना बोलावलं. त्यांच्याकडे बंदुका कुठून असणार? घरात होतं ते गवत कापायचं लांब पातं. लोहारांनी ती पाती दांड्याला काटकोनात न ठेवता भाल्यासारखी सरळ उभी बसवून दिली. ४ एप्रिल १७९४ ला रात्सवावित्सेच्या लढाईत हे विळेकरी रशियन तोफांवर चालून गेले आणि तोफा घेऊनच परतले. बार्तोश ग्वोवात्स्की नावाच्या शेतकऱ्यानं आपली टोपी तोफेच्या पेटत्या वातीवर दाबून ती विझवली, अशी कथा पोलंडमध्ये पोरांना सांगतात. चिन्हातली टोपी त्या शेतकऱ्यांची.

उठाव त्याच वर्षी मोडला. पुढच्या वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं उरलासुरला पोलंड वाटून घेतला आणि १२३ वर्षं हा देश नकाशावर नव्हता.

१९१८ मध्ये तो परत उभा राहिला आणि उभा राहताच लढाईत सापडला. पश्चिम युक्रेनियन फौजांशी ल्वूफ शहरासाठी, मग बोल्शेविक रशियाशी. या गोंधळात ल्वूफमध्ये अन्नवाटपाच्या कामावर एक अमेरिकन कॅप्टन आला, मेरियन कूपर. पहिल्या महायुद्धात तो बॉम्बर वैमानिक होता. त्याचं विमान पडलं होतं आणि तो जर्मनांच्या कैदेतही राहून आला होता. त्याच्या घराण्यात एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात कूपरांचा एक पूर्वज पोलिश सरदार काझिमिर पुवास्कीच्या बरोबर लढला होता, आणि पुवास्कीनं १७७९ मध्ये सव्हानाच्या वेढ्यात अमेरिकेसाठी प्राण दिला होता. हे देणं आपल्याकडे राहिलं आहे, असं कूपर मनापासून मानत असे. त्यानं पोलंडचा राष्ट्रप्रमुख पिउसुद्स्कीची परवानगी मिळवली, पॅरिसला जाऊन सेड्रिक फॉन्टलरॉय या अधिकाऱ्याला गाठलं, आणि दोघांनी मिळून युद्ध संपल्यावर रिकामे झालेले अमेरिकन वैमानिक गोळा केले.

१९१९ च्या शरदात ही मंडळी ल्वूफला पोलिश हवाई दलाच्या सातव्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाली. स्क्वाड्रनला त्यांनी कोश्चुश्कोचं नाव मागून घेतलं. त्यांच्यातल्या इलियट चेस या टेक्सासच्या तरुणानं चिन्ह काढलं. पुढे हाच चेस अमेरिकन मासिकांतून विमानकथा लिहू लागला. त्याच्या चिन्हात दोन्ही देशांची बाजू सारखी आहे. कोश्चुश्को इकडून तिकडे गेला होता, आता तिकडची पोरं इकडे आली होती. चित्रात बंदूक नाही, गरुड नाही, सिंह नाही. हवाई दलांची चिन्हं सहसा हिंस्र जनावरांची किंवा शिकारी पक्ष्यांची असतात. शेतीचं अवजार आणि डोक्यावरची टोपी घेऊन आकाशात जाणारी दुसरी लढाऊ तुकडी माझ्या माहितीत नाही.

हा नुसता हौशी मामला नव्हता. एडमंड ग्रेव्ह्ज १९१९ च्या नोव्हेंबरातच ल्वूफवर कसरती दाखवताना पडून गेला. १९२० मध्ये आर्थर केली आणि मॅक्‌कॅलम लढाईत गेले. तिघांची स्मृती ल्वूफच्या दफनभूमीत जपली गेली. त्या वर्षी स्क्वाड्रनचं मुख्य काम बोल्शेविक सेनापती बुद्योन्नीच्या घोडदळाला अडवण्याचं होतं. विमानं इतकी खाली येऊन मारा करत की परतताना पंखांना भोकं पडलेली असत. जुलैत कूपरचं विमान पडलं. पकडला गेला तेव्हा त्यानं आपलं नाव फ्रँक मोशर सांगितलं, कारण अंगातल्या दान मिळालेल्या कपड्यावर तेच नाव होतं. या फ्रँक मोशरची भेट त्या घोडदळाबरोबर फिरणाऱ्या लेखक इसाक बाबेलनं आपल्या त्या वर्षीच्या रोजनिशीत नोंदवली आहे. कूपर पुढे कैदेतून पळाला आणि लॅटव्हियात पोचला. त्यानंतर त्यानं ‘किंग काँग’ हा चित्रपट सहदिग्दर्शित केला, म्हणून जग त्याला ओळखतं. पोलंडमध्ये मात्र त्याची ओळख वेगळी आहे.

१९२१ मध्ये अमेरिकन परतले. चिन्ह मागे राहिलं.

मधल्या काळात स्क्वाड्रनचा क्रमांक बदलत गेला आणि शेवटी वॉर्साची १११ वी स्क्वाड्रन म्हणून ती स्थिरावली. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनांनी हल्ला केला, तेव्हा राजधानीच्या संरक्षणासाठी तिच्याकडे पीझेडएल पी-११ विमानं होती. त्यांची चाकं पोटात न जाणारी, बैठक उघडी. जर्मनांची काही बॉम्बर विमानंसुद्धा त्यांच्यापेक्षा वेगात उडत. ती ज्या गटात होती त्याचा प्रमुख झ्जिस्वाव क्रास्नोदेंब्स्की तिसऱ्याच दिवशी पडला आणि हवाई छत्रीनं वाचला. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या, आणि वैमानिकांना रुमानियात जाण्याचा हुकूम आला. तिथं त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं. खोटी कागदपत्रं, काळा समुद्र, बैरूत, मार्सेय असा प्रवास करत बरेचजण फ्रान्सला पोचले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सही पडला, तेव्हा उरला तो ब्रिटन.

२ ऑगस्ट १९४० ला नॉर्थोल्टला ३०३ वी स्क्वाड्रन सुरू झाली. गाभा १११ व्या स्क्वाड्रनच्या माणसांचा आणि पोलिश प्रमुख पुन्हा क्रास्नोदेंब्स्की. चिन्ह त्यांनी सोबत आणलेलंच होतं. ब्रिटिशांनी वर आपला प्रमुख रोनाल्ड केलेट नेमला, कारण या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. दोन देशांत हरलेली फौज, असाच त्यांचा समज. शिवाय भाषा येत नाही, वेग मैलांत मोजायची सवय नाही, उतरताना चाकं बाहेर काढायची असतात हे अंगवळणी पडलेलं नाही. म्हणून बराच काळ फक्त सराव चालला. या सरावात वाया गेलेले दिवस मला फार बोचतात. त्या माणसांइतकी लढाई तेव्हा ब्रिटनच्या आकाशात फार थोड्यांनी पाहिली होती.

३० ऑगस्टला सराव चालू असताना लुडविक पाश्केविचला जर्मन विमानं दिसली. रांग सोडून तो त्यांच्यावर गेला आणि एक पाडून आला. शिस्तभंगाबद्दल त्याची कानउघाडणी झाली आणि अभिनंदनही. दुसऱ्या दिवसापासून स्क्वाड्रन प्रत्यक्ष लढाईत होती. पुढच्या सहा आठवड्यांत तिनं १२६ विमानं पाडल्याचा दावा नोंदवला. हरिकेन उडवणाऱ्या कुठल्याही स्क्वाड्रनपेक्षा हा आकडा मोठा होता. जर्मन नोंदी हाती आल्यावर नंतरच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणला, आणि ते रास्तच आहे. धुमश्चक्रीत एकाच विमानावर तिघं गोळ्या झाडत, तिघांनाही ते आपणच पाडलं असं वाटे, आणि प्रत्येक स्क्वाड्रनचे दावे असेच फुगलेले होते. पण छाटलेल्या आकड्यांतही ३०३ पहिल्या रांगेतच राहते. तळाचा ब्रिटिश प्रमुख स्टॅन्ली व्हिन्सेंट याला हे आकडे खरे वाटेनात, म्हणून तो स्वतः विमान घेऊन त्यांच्या मागे गेला. जे पाहिलं त्यानंतर त्यानं शंका काढणं सोडून दिलं. ही माणसं इतरांपेक्षा खूप जवळ जाऊन मारत. गोळी लवकर सोडायची नाही, आणि मान सतत फिरती ठेवायची, हे ती जुन्या विमानांवर शिकली होती. तिथं रेडिओचा भरवसा नसे आणि भरवसा फक्त डोळ्यांवर असे.

त्यांची सर्वांत मोठी धावसंख्या, १७ विमानं, पोलिश माणसाच्या नावावर नाही. योझेफ फ्रान्तिशेक हा चेक होता. आपला देश गेल्यावर तो पोलंडसाठी लढला, पोलंड गेल्यावर या तुकडीबरोबर राहिला, आणि ८ ऑक्टोबरला विमान अपघातात गेला. पाश्केविच त्याआधी, २७ सप्टेंबरला. क्रास्नोदेंब्स्की ६ सप्टेंबरला जळत्या विमानातून बाहेर पडला आणि ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन आर्चिबाल्ड मॅकिन्डोच्या हाताखाली महिनोन्‌महिने उपचार घेत राहिला.

मीरोस्वाव फेरिच या वैमानिकाचं मला खास अप्रूप वाटतं. पोलंडमध्येच सुरू केलेली एक वही त्यानं इकडेही चालू ठेवली. लढाईवरून उतरलेल्या प्रत्येकाकडे तो ती सरकवी आणि स्वतःच्या हातानं लिहायला लावी. कंटाळलेले, घामेजलेले सोबती वैतागत, पण लिहीत. १९४२ च्या फेब्रुवारीत फेरिच नॉर्थोल्टलाच अपघातात गेला. इतरांनी वही पुढे चालवली आणि आज ती लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात आहे. आर्काडी फीडलरचं ‘स्क्वाड्रन ३०३’ हे पुस्तक लंडनमध्ये निघालं, त्याच्या प्रती जर्मनव्याप्त पोलंडमध्ये चोरून गेल्या आणि तिथं भूमिगत छापखान्यांत पुन्हा छापल्या गेल्या.

स्क्वाड्रननं पुढे स्पिटफायर, मग मस्टँग विमानं उडवली, दिएपच्या लढाईत भाग घेतला. ते सगळं रणांगणाच्या इतिहासात वाचायला मिळतं. चिन्हाच्या दृष्टीनं पुढची खरी घटना लढाईत घडली नाही, ती फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला, मेजाभोवती घडली. पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे जाणार असं तिथं ठरलं. त्या भागात ल्वूफ होतं. ज्या शहरात हे चिन्ह जन्मलं, तेच सीमेपलीकडे गेलं. जुलैमध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली.

याल्टाच्या निर्णयाचा धक्का आपल्या कोल्हापूरपर्यंत पोचला होता. वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललेली, मग इराणमार्गे इथं आलेली. अनेकींचे नवरे, भाऊ पश्चिमेकडच्या पोलिश फौजांत होते. १९४८ मध्ये छावणी बंद झाली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचं गाव पोलंडमध्ये उरलेलंच नव्हतं. नॉर्थोल्टच्या वैमानिकापुढे जो प्रश्न, तोच पंचगंगेकाठच्या या बायकांपुढे : परत जायचं ते कुठं?

८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयसंचलन निघालं. पोलिश लढाऊ स्क्वाड्रनच्या वैमानिकांच्या एका छोट्या तुकडीला आमंत्रण होतं; त्यांच्याबरोबर लढलेल्या पोलिश पायदळाला आणि नौदलाला नव्हतं. वैमानिकांनी जायला नकार दिला. त्यांनी केलं ते योग्यच केलं, असं मला आजही वाटतं. त्याच डिसेंबरात हेथेलच्या तळावर ३०३ विसर्जित झाली. उतराई होण्याची जी साखळी कोश्चुश्कोपासून चालत आली होती, ती इथं तुटली. ब्रिटननं या माणसांना राहायला जागा दिली, पुनर्वसनाचा कायदा केला, आणि नॉर्थोल्टजवळ १९४८ मध्ये स्मारकही उभं राहिलं. पण ज्यासाठी ते लढले, तो देश त्यांना मिळाला नाही.

माणसं पांगली. क्रास्नोदेंब्स्कीनं दक्षिण आफ्रिकेत टॅक्सी चालवली आणि मग तो कॅनडात गेला. यान झुम्बाख पुढे आफ्रिकेत कटांगा आणि बियाफ्रासाठी भाडोत्री वैमानिक म्हणून विमानं उडवत राहिला. विटोल्ड उर्बानोविच मायदेशी जाऊन आला, तिथं अटक झाली, सुटल्यावर अमेरिकेत स्थायिक झाला. स्क्वाड्रनचा शेवटचा प्रमुख विटोल्ड वोकुचेव्स्की मात्र १९४७ मध्ये परतला. नव्या कम्युनिस्ट राजवटीत पश्चिमेत लढलेला वैमानिक म्हणजे संशयित, त्यामुळे त्यालाही दलातून बाहेर पडावं लागलं. १९५६ च्या राजकीय बदलानंतर त्याला परत घेतलं गेलं, आणि १९६९ मध्ये तो लष्करी प्रतिनिधी म्हणून लंडनच्या पोलिश वकिलातीत रुजू झाला.

राजवटीला कोश्चुश्को मात्र हवा होता. सोव्हिएत भूमीवर १९४३ मध्ये उभारलेल्या पोलिश फौजेच्या पहिल्या डिव्हिजनला त्याचंच नाव होतं. विळा आणि शेतकरी त्यांना सहज चालण्यासारखे होते. भोवतीचे तेरा तारे चालणं शक्य नव्हतं.

१९८९ नंतर वॉर्साजवळच्या मिन्स्क माझोव्हेत्स्की तळावरच्या स्क्वाड्रननं हे चिन्ह आणि त्याचा वारसा आपल्याकडे घेतला. तिथं तेव्हा मिग-२९ होती. बुद्योन्नीच्या घोडदळाशी लढलेल्या विमानांवरची टोपी आणि विळे सोव्हिएत बनावटीच्या विमानांवर चढले. पुढे काही विमानांच्या शेपटीवर ३०३ च्या वैमानिकांचे चेहरेही रंगवले गेले. २०२३ मध्ये या तळावर दक्षिण कोरियाची एफए-५० विमानं येऊ लागली. त्याच वर्षी पोलंडनं आपल्या ताफ्यातली काही मिग-२९ युक्रेनला दिली. ल्वूफ आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याचं नाव ल्विव आहे.